ऊन हात

बाहेरून आले की बाबा आधी
स्वयंपाकघरातल्या रेडिएटरवर हात ठेवायचे,
तळवे, मग पालथे, मग पुन्हा तळवे,
आणि मगच आमच्या गालांना लावायचे.
तोवर आम्ही चौघी बहिणी रांगेत उभ्या,
त्यांच्या खांद्यावरचं बर्फ वितळून
कॉलरमधून आत उतरताना बघत.

बफेलोत नोव्हेंबरात सरोवरावरून वारा सुटतो
तो एप्रिलपर्यंत कुणाचं ऐकत नाही.

दिवसा ते शाळेचे बॉयलर सांभाळायचे, पगारावर.
संध्याकाळी बिटाचं सूप पिऊन,
आईच्या कपाळावर ओठ टेकवून
पुन्हा बूट चढवायचे.
फादरांची चिठ्ठी खिशात असायची:
मागचं दार. तीन मुलं. भट्टी बंद, मंगळवारपासून.

नऊच्या आत घरी, हा नेम.
नऊ टळले तर कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन:
"हालिना, एक स्क्रू हट्टाला पेटलाय."
आई हसायची. सूप पुन्हा मंद आचेवर.

ब्रोन्या मावशीला हसू येत नसे.
लष्कराच्या भाकऱ्या, म्हणायची,
चार मुली आहेत घरात, त्यांच्या लग्नांचं काय?

शनिवारी एकीला बरोबर न्यायचे, आळीपाळीनं.
माझं काम टॉर्च धरणं.
एकदा माझा हात भरकटला:
उघड्या ओव्हनच्या दारासमोर गादी,
गादीवर कोट घालून झोपलेलं मूल,
भिंतीवर ओलीचा नकाशा.
बाबा मान न वळवता म्हणाले,
"उजेड माझ्या हातांवर, लुत्सिना.
त्यांच्या घरावर नाही."

निघताना त्या बाईनं काकडीच्या लोणच्याची बरणी पुढे केली.
घरी अशा अकरा होत्या.
बाबांनी ती दोन्ही हातांनी घेतली,
झाकण उघडून वास घेतला,
बडीशेप कुठून आणता, विचारलं.
बाई दहा मिनिटं बडीशेपेबद्दल बोलत राहिली,
आणि खाली तळघरात
निळी ज्योत धरली.

माझ्या पदवीच्या दिवशी ते उशिरा आले.
फोटोत दिसतं:
पांढऱ्या कफवर काजळीचा अख्खा अंगठा.
तो फोटो मी सतरा वर्षं कपाटात पालथा ठेवला.
हे इथं लिहून ठेवते,
कारण त्यांना कधी सांगितलं नाही,
आणि त्यांनी कधी विचारलं नाही
भिंतीवर बाकी तिघींचेच फोटो का.

एक्केचाळीस हिवाळे.

दफनाच्या आदल्या संध्याकाळी रांग फुटपाथपर्यंत गेली.
पोर्तो रिकोची माणसं, येमेनची,
बर्मातून आलेलं एक कुटुंब, सगळ्यांच्या पायांत नवे बूट.
झिगमुंट हे नाव कुणालाच धड म्हणता येईना.
ते आपापली भट्टी सांगत होते.
आमची हिरवी होती, दारामागे.
आमची धूर ओकायची.
आमची लागली त्या रात्री
आजीनं पहिल्यांदा हातमोजे काढले.
मी मान डोलवत होते. टॉर्च धरल्यासारखी.

शवपेटीपाशी माझी पाळी आली
तेव्हा मी आधी रेडिएटर शोधला.
खिडकीखाली एक होता, जुना,
नळीत हवा अडकून टकटकणारा.
तो आवाज ऐकून ते उठलेच असते
पाना मागायला.
मी हात ठेवले. तळवे, मग पालथे.
लोक बघत होते, बघू दे.
मग त्यांच्या हातांना लावले.

घरी आलो. कोट अजून अंगात.
फोन वाजला.
कुणीतरी बाई, अडखळत,
बाळ आहे घरात म्हणाली,
मिस्टर झेड आहेत का?

आईनं एप्रनच्या खिशातून पेन्सिल काढली,
पत्ता लिहून घेतला,
मजला विचारला, दार कुठलं ते विचारलं,
हो म्हणाली, हो, आज रात्रीच,
फोन ठेवला,
आणि आमच्या चौघींकडे बघितलं,
थोरलीपासून.